‘करील’ आणि ‘करावें’

ज्या लिखाणाच्या एकेका शब्दावर कोट्यवधि लोकांचे संसार अवलंबून आहेत, त्याचें परीक्षण वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकानें करूं नये, असा कांहीं दंडक आमच्या ऐकिवांत नाहीं. म्हणून या वेळीं आम्हीं परीक्षणासाठीं घेतलेलें लिखाण कवितासंग्रह नाहीं, कादंबरी नाहीं कीं नाटकहि नाहीं. तो एक करारनामा आहे. पृथ्वीचें हवामान बदलत चाललें आहे, त्याला आळा कसा घालावयाचा, याविषयीं जगांतील बहुतेक सर्व राष्ट्रांनीं १२ डिसेंबर २०१५ रोजीं जो मसुदा एकमतानें संमत केला व जो ४ नोव्हेंबर २०१६ पासून अमलांत आला, तो हा पॅरिस करार. त्याचीं कलमें अवघीं २९. एखाद्या दीर्घकथेइतकाच त्याचा पसारा; एका दुपारीं वाचून होतो.

वाचक म्हणतील, करारनामा हें काय वाङ्मय झालें? त्याचा विचार मुत्सद्यांनीं करावा, वकिलांनीं करावा, शास्त्रज्ञांनीं करावा. टीकाकाराचें तेथें काय काम? आमचें उत्तर असें. घराचें खरेदीखत कोणी मोडलें तर दिवाणी न्यायालय आहे, आणि न्यायालयाच्या हुकुमापाठीमागें बेलिफ आहे. या करारापाठीमागें बेलिफ नाहीं. तो मोडणाऱ्या राष्ट्राला दंड नाहीं, जप्ती नाहीं. त्याच्या पालनावर लक्ष ठेवण्यासाठीं जी समिति पंधराव्या कलमानें नेमली आहे, तिनें कोणाशीं प्रतिपक्षाच्या नात्यानें वागूं नये व कोणास शिक्षा करूं नये, असें त्याच कलमांत सांगून ठेवलें आहे. अर्थात् या करारापाशीं जें कांहीं सामर्थ्य आहे तें शब्दांचेंच आहे. आणि ज्या लिखाणाचें सारें सामर्थ्य शब्दांत असतें, त्याचें परीक्षण शब्दांची पारख करणाऱ्यांनीं करावयाचें नाहीं तर कोणीं?

या दिशेनें एक पाऊल श्री. अमिताव घोष यांनीं पूर्वींच टाकलेलें आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या आपल्या ग्रंथांत त्यांनीं हा करार आणि त्याच २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं काढलेलें धर्मपत्र एकमेकांशेजारीं ठेवून दोहोंच्या भाषेची तुलना केली आहे. धर्मपत्राची भाषा त्यांना सरळ व प्रसन्न वाटली, कराराची गुंतागुंतीची व कृत्रिम. त्यांचें निदान आम्हांस मान्य आहे, पण तें अपुरें वाटतें. लांबलचक वाक्यें हा सरकारी लिखाणाचा जुनाच रोग आहे. तेवढ्यानें कोणी दगावत नाहीं. या कराराचें खरें मर्म त्याच्या विशेषणांत किंवा वाक्यांच्या लांबींत नसून त्याच्या क्रियापदांत आहे.

करार संमत झाला त्या दिवसाची एक हकीकत वृत्तपत्रांतून येऊन गेलेली आहे. पण तिचें महत्त्व ओळखावें तितकें ओळखलें गेलें नाहीं. शेवटचा मसुदा छापून प्रतिनिधींच्या हातीं पडला, तेव्हां चौथ्या कलमाच्या चौथ्या पोटकलमांत इंग्रजी ‘शॅल’ हा शब्द होता. श्रीमंत राष्ट्रांनीं आपल्या सबंध अर्थव्यवस्थेंतून बाहेर पडणारे उष्णताधारक वायु कमी करण्यांत पुढाकार चालू ठेवावयाचा, अशा अर्थाचें तें वाक्य. अमेरिकेच्या प्रतिनिधींनीं तो शब्द पाहिला आणि धांवपळ सुरू झाली. ‘शॅल’ राहिलें तर तें कायद्याचें बंधन ठरेल, बंधन ठरलें तर करार आपल्या सेनेटपुढें न्यावा लागेल, आणि तेथें त्याचा टिकाव लागणार नाहीं, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. सभा खोळंबली. अखेर किरकोळ दुरुस्त्यांची एक यादी सभेंत वाचून दाखविण्यांत आली. इतर बारीकसारीक चुकांबरोबर ‘शॅल’च्या जागीं ‘शुड’ वाचावें, अशी एक दुरुस्ती तींत होती. अध्यक्ष लोराँ फाबिउस यांनीं हातोडी आपटली, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि करार संमत झाला.

इंग्रजींत हा फरक चार-दोन अक्षरांचा. मराठींत तो अधिक उघड दिसतो. आपल्याकडील कायद्यांच्या मराठी भाषांतरांत ‘शॅल’ला ‘करील’ म्हणतात. शासन नियम करील, समिति अहवाल सादर करील. हा भविष्यकाळ दिसावयास साधा, पण कायद्याच्या पुस्तकांत त्याच्यासारखें सक्त दुसरें रूप नाहीं. ‘शुड’ला मात्र ‘करावें’. आतां हें ‘करावें’ व्याकरणाच्या दृष्टीनें काय आहे? कै. मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं निघालें. त्या परंपरेंत शिकलेल्या कोणासहि प्रयोगप्रकरण आठवत असेल. ‘राष्ट्र पुढें येईल’ हा कर्तरि प्रयोग. येथें क्रियापद कर्त्याला बांधलेलें असतें. कर्ता अनेकवचनी झाला कीं ‘येईल’चें ‘येतील’ होतें. ‘राष्ट्रांनीं पुढें यावें’ हा भावे प्रयोग. येथें कर्ता एक असो वा दोनशें असोत, स्त्री असो वा पुरुष असो, क्रियापद आपलें नपुंसकलिंगी एकवचनी. तें कर्त्याला जुमानीत नाहीं. वाक्यांत राष्ट्रें आहेत, पुढें येणेंहि आहे; फक्त त्या दोहोंची गांठ क्रियापदानें बांधलेली नाहीं. पॅरिस येथें त्या संध्याकाळीं जी सुधारली गेली ती मुद्रणाची चूक नव्हती. सोडली गेली ती ही गांठ होती.

येथें कोणी व्युत्पन्न वाचक आक्षेप घेतील कीं, आपल्या धर्मशास्त्रांतील विधि तर ‘करावें’ याच रूपांत सांगितलेले असतात. संस्कृतांतील विधिलिङ् म्हणजेच आपला विध्यर्थ. मग तो दुबळा कसा? आक्षेप यथार्थ आहे आणि त्याचें उत्तर मीमांसकांनीं देऊन ठेवलें आहे. त्यांनीं विधि आणि अर्थवाद यांत भेद केला. विधि म्हणजे कांहीं करावयास लावणारें वाक्य. अर्थवाद म्हणजे स्तुति किंवा निंदा करणारें वाक्य. अर्थवादाला प्रामाण्य येतें तें विधीच्या आश्रयानें. एकटा असेल तर तो नुसता स्तुतिपाठ. म्हणजे ‘करावें’ला बळ येतें तें त्याच्या रूपामुळें नव्हे, तर त्याच्या पाठीमागें उभ्या असलेल्या प्रामाण्यामुळें आणि त्याचा अर्थ काटेकोरपणें लावणाऱ्या शास्त्रामुळें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

या कसोटीनें करार वाचूं लागलें म्हणजे काय दिसतें? प्रस्तावना बहुतेक अर्थवाद आहे. तींत पृथ्वीमाता, मानवी हक्क, न्याय यांचा गौरवपूर्वक नामनिर्देश आहे. दुसऱ्या कलमांत उद्दिष्ट सांगितलें आहे: यंत्रयुगापूर्वीच्या मानानें पृथ्वीची सरासरी उष्णता २ अंशांच्या बरीच खालीं रोखावयाची आणि ती १.५ अंशांवर थांबविण्याचा प्रयत्न करावयाचा. चौथ्या कलमांत खरा विधि भेटतो, आणि तो वाचून आम्ही थबकलों. प्रत्येक राष्ट्र आपला संकल्प तयार करील, तो कळवील, त्याच्यामागून पुढचा संकल्प करील, येथवर ‘शॅल’ ठाम उभें आहे. त्या संकल्पाच्या हेतूनें घरांतल्या घरांत उपाय योजील, असेंहि पुढें आहे. पण संकल्प पार पाडील, असें वाक्य कोठेंच नाहीं. जो पार पाडण्याचा त्या राष्ट्राचा मानस आहे तो संकल्प, एवढाच एका उपवाक्याचा आडोसा आहे. आपल्या घरांत सत्यनारायणाचा संकल्प सोडला म्हणजे पूजा करावीच लागते. पळीभर उदक सोडून यजमान उठून गेला, तर त्याला कोणी पूजा म्हणत नाहीं. पॅरिस करारांत संकल्प सोडणें सक्तीचें आहे; पूजा यजमानाच्या मानसावर आहे.

कराराच्या बाजूनें जें बोलतां येईल तेंहि बोललें पाहिजे. १९९७ सालीं क्योटो येथें झालेल्या करारांत क्रियापद सक्त होतें. श्रीमंत राष्ट्रें २००८ ते २०१२ या काळांत आपल्या वायूंचें प्रमाण १९९० च्या मानानें एकंदरीनें ५ टक्के तरी उतरवितील, असें त्यांत आंकड्यांनिशी बंधन होतें. परिणाम काय झाला? अमेरिकेनें सही केली, पण करार कधींच मंजूर करून घेतला नाहीं. कॅनडानें २०११ च्या डिसेंबरांत अंग काढून घेतलें. क्योटोंत क्रियापद बळकट, पण कर्ते निघून गेलेले. पॅरिसमध्यें कर्ते सारे हजर, पण क्रियापद लेचेंपेचें. दोहोंपैकीं दुसरें बरें, असें मुत्सद्यांचें म्हणणें आहे, व तें अगदींच पोकळ नाहीं. सर्वांना एका पंक्तीस बसविणें हेंहि एक कार्य आहे. पण ज्याच्या सोयीसाठीं शब्द मऊ केला, तो पाहुणा तरी पंक्तीस टिकला काय? अमेरिका २०२० च्या नोव्हेंबरांत करारांतून बाहेर पडली, २०२१ च्या फेब्रुवारींत परत आली, आणि २०२५ च्या जानेवारींत पुनः बाहेर पडण्याचा हुकूम निघाला. पाहुणा उठून गेला. त्याच्यासाठीं अळणी केलेलें जेवण इतरांच्या पानांत राहिलें. इकडे २०२४ साल आजवर मोजलेल्या सर्व वर्षांत अधिक उष्ण ठरलें, आणि १.५ अंशांची रेषा त्या एका वर्षापुरती ओलांडली गेली. करारांतील रेषा अनेक वर्षांच्या सरासरीची आहे हें खरें. पण सरासरी ही शेवटीं एकेका वर्षाचीच बनते.

हा सारा शब्दांचा कीस वाटत असेल, तर वाचकांनीं आमच्याबरोबर थोडें कोंकणांत यावें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. आमच्या एका स्नेह्यांची श्रीवर्धनच्या बाजूस नारळी-पोफळीची वाडी आहे. त्या वर्षाच्या अखेरीस आम्ही तेथें गेलों, तेव्हांहि आडव्या पोफळींचे बुंधे पुरते उचलून झाले नव्हते. श्रीवर्धनची रोठा सुपारी नामांकित. पण पोफळ लावल्यापासून फळावर यावयास सहा-सात वर्षें लागतात. आजोबांनीं लावलेलें, वडिलांनीं शिंपलेलें, एका सकाळींत गेलें. स्नेह्यांनीं आम्हांस पंचनाम्याची प्रत दाखविली. ‘झाडें पडलेलीं आढळून आलीं’, ‘नुकसान झाल्याचें दिसून आलें’. वाक्यें निर्दोष होतीं. कर्ता कोठेंच नव्हता. यांत तलाठ्याचा दोष नाहीं. कर्ता म्हणून त्यानें कोणाचें नांव घालावें?

एका वादळाचें खापर हवामानबदलाच्या माथीं सरळ फोडतां येत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु अरबी समुद्राचें पाणी तापत चाललें आहे आणि त्यावर उठणाऱ्या चक्रीवादळांची संख्या, जोर व मुक्काम गेल्या कांहीं दशकांत वाढला आहे, हें पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. आतां पॅरिस कराराचें आठवें कलम पाहावें. हवामानबदलानें होणाऱ्या हानीची व नुकसानीची दखल त्यांत घेतली आहे. पण कराराबरोबरच संमत झालेल्या ठरावांत असें नमूद करून ठेवलें आहे कीं, या कलमावरून कोणावरहि दायित्व येत नाहीं व भरपाईचा हक्क उत्पन्न होत नाहीं. २०२२ सालीं शर्म-अल्-शेख येथें नुकसाननिधि स्थापण्याचें ठरलें. त्यांत पैसे घालणें मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर. श्रीवर्धनच्या पंचनाम्याची भाषा आणि जगाच्या कराराची भाषा एकच आहे. नुकसान झाल्याचें दिसून आलें. कोणीं केलें, हा प्रश्न वाक्यरचनेनेंच बाहेर ठेवला आहे.

परक्यांचीं क्रियापदें तपासणाऱ्यानें आपलींहि तपासलीं पाहिजेत. २०२१ च्या नोव्हेंबरांत ग्लासगो येथें कोळशाचा वापर ‘संपुष्टांत आणण्या’विषयीं जें वाक्य तयार झालें होतें, तें शेवटच्या घटकेस ‘कमी करीत आणणें’ असें मऊ करून घेतलें तें आपल्याच देशाच्या प्रतिनिधींनीं. त्याबद्दल त्यांच्यावर बरीच टीका झाली. ती अर्धी अन्यायाची होती. भारतांत माणशीं वर्षाकाठीं सुमारें २ टन कार्बन डायॉक्साइड हवेंत जातो, अमेरिकेंत सुमारें १४ टन. शिवाय त्या वाक्यांत गरिबांच्या कोळशाचें नांव होतें, श्रीमंतांच्या तेलाचें व वायूचें नव्हतें. खनिज इंधनें म्हणून तिघांचा एकत्र उल्लेख होण्यास २०२३ चें दुबई उजाडावें लागलें. पण उरलेली अर्धी टीका न्यायाची होती. शब्द मऊ झाला कीं तो सर्वांसाठींच मऊ होतो; आपण आपल्या गरजेपुरता केलेला आडोसा धनिकांनाहि पुरतो.

आपल्या संकल्पांतील आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे. २०३० पर्यंत विजेच्या उभारलेल्या क्षमतेपैकीं निम्मी कोळसा, तेल इत्यादि इंधनांवांचूनची असेल, असें आपण २०२२ सालीं जाहीर केलें, आणि तें लक्ष्य २०२५ सालींच गांठल्याचें सरकारनें सांगितलें. ही गोष्ट खरी आहे व अभिमानाची आहे. मात्र येथें शब्द ‘क्षमता’ असा आहे, ‘निर्मिति’ असा नाहीं. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकीं सुमारें पाऊणपट अजून कोळशाचीच आहे, कारण सूर्य रात्रीं मावळतो आणि कोळशाची भट्टी रात्रंदिवस पेटती असते. क्षमता म्हणजे घरांत चूल किती तोंडांची आहे तें. निर्मिति म्हणजे भात किती शिजला तें. वृत्तपत्र वाचतांना हे दोन शब्द वेगळे ठेवणारा वाचक फसत नाहीं.

राष्ट्रांसाठीं विध्यर्थ झाला. आतां व्यक्तींकडे वळूं. येथें भाषा एकदम बदलते. दिवा मालवा, नळ बंद करा, कापडी पिशवी न्या, एकाच गाडींतून जा. व्यक्तीच्या वांट्यास ‘करावें’ येत नाहीं. तिच्या वांट्यास निखळ आज्ञार्थ येतो. ज्याची सत्ता मोठी त्याला विनंति, आणि ज्याची सत्ता लहान त्याला आज्ञा, असा हा उफराटा क्रम आहे. तो आपोआप पडला, असेंहि म्हणतां येत नाहीं. प्रत्येक माणसानें आपला ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या राहणीचा हवेंतील पाऊलठसा, मोजावा ही कल्पना घरोघर पोंचविण्यांत या शतकाच्या पहिल्या दशकांत ब्रिटिश पेट्रोलियम या तेलकंपनीच्या जाहिरातींचा मोठा वांटा होता. तेल उपसणारानें तेल जाळणारास आरसा द्यावा, ही युक्ति जाहिरातकलेच्या दृष्टीनें अप्रतिम म्हटली पाहिजे. आरशांत पाहणाराला आरसा धरणाराचा चेहरा दिसत नाहीं. सरकारांनाहि ही रीति मानवली. २०२२ च्या ऑगस्टांत आपण जगाला कळविलेल्या सुधारलेल्या संकल्पांत पहिलाच मुद्दा काटकसरीच्या, परंपरेला धरून असलेल्या राहणीच्या प्रसाराचा आणि ‘लाइफ’ या लोकचळवळीचा आहे. कोळसा व वीज यांचे आंकडे त्यानंतर येतात.

काटकसरीची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. जुन्या लुगड्याची गोधडी, बाटलीच्या झांकणापासून सुतळीच्या तुकड्यापर्यंत सारें जपून ठेवणारी फडताळें, यांत आमची पिढी वाढली. तें वळण कोणत्याहि करारावांचून लागलें होतें, आणि तें पुनः लागलें तर घरें सुखी होतील. आणि आमच्याच घराचा हिशेब सांगावयाचा तर तो भूषणावह नाहीं: आज त्यांत थंड हवेचीं दोन यंत्रें आहेत, व तीं लावतांना आम्हांस श्रीवर्धनची वाडी आठवली नव्हती. मध्यमवर्गानें स्वतःस माणशीं २ टनांच्या सरासरीआड लपवूं नये. त्या सरासरींत आमचा हिस्सा आमच्या मोलकरणीच्या हिश्शाहून किती मोठा आहे, हें तिला व आम्हांला दोघांनाहि ठाऊक आहे. तेव्हां संयम हवाच. आमची तक्रार एवढीच कीं, संयम हा कर्तव्याचा आरंभ असतांना त्याला कर्तव्याची इतिश्री समजलें जातें. कापडी पिशवी घेऊन मंडईंत जाणाऱ्या गृहस्थाला आपण आपलें काम केलें असें वाटतें, आणि तो घरीं येऊन करार वाचीत नाहीं.

ज्या व्यक्तींनीं तो वाचला, त्यांनीं काय केलें, हें आतां सांगतों. कारण या परीक्षणांतील आशेची बाजू तीच आहे. हॉलंडांत उर्गेंडा या संस्थेनें व तिच्याबरोबर ८८६ नागरिकांनीं आपल्याच सरकारावर दावा लावला. सरकारनें जें कबूल केलें तें करावयास त्यास भाग पाडावें, एवढेंच त्यांचें मागणें. २० डिसेंबर २०१९ रोजीं त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल कायम केला कीं, २०२० अखेर १९९० च्या मानानें निदान २५ टक्के घट सरकारनें केलीच पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २१ मार्च २०२४ रोजीं, माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्या वादांत निर्णय देतांना, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क राज्यघटनेच्या १४ व्या व २१ व्या कलमांतून निघतो, असें म्हटलें. आणि प्रशान्त महासागरांतील बेटांवरच्या एका विद्यापीठांतील २७ कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं २०१९ सालीं एक कल्पना काढली: राष्ट्रांवर नेमकें कोणतें बंधन आहे, हें आंतरराष्ट्रीय न्यायालयासच विचारावें. वानुआतु या चिमुकल्या देशानें ती उचलून धरली, २९ मार्च २०२३ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें तो प्रश्न हेगच्या न्यायालयाकडे धाडला, आणि २३ जुलै २०२५ रोजीं त्या न्यायालयानें एकमतानें आपलें मत दिलें. संकल्पांत काय घालावें याची राष्ट्रांस अनिर्बंध मोकळीक नाहीं. तो त्यांच्या शक्तीची पराकाष्ठा दाखविणारा असला पाहिजे, तो साधण्यासाठीं कसून झटलें पाहिजे, आणि बंधन मोडणाऱ्यावर भरपाईपर्यंतचें दायित्व येऊं शकतें, असें त्याचें सार आहे.

हें मत सल्ल्याच्या स्वरूपाचें आहे. त्याच्याहि पाठीमागें बेलिफ नाहीं. तथापि त्यानें काय केलें तें पाहावें. करारांतील एकहि शब्द त्यानें बदलला नाहीं. त्यानें केली ती टीका, त्या शब्दाच्या जुन्या अर्थानें. टीका म्हणजे दोषदर्शन नव्हे. मूळ ग्रंथ घेऊन, मागचेंपुढचें वाक्य जुळवून, त्याचा अर्थ निश्चित करणें. मीमांसकांनीं वेदवाक्यांचें जें केलें, तेंच येथें कराराच्या वाक्यांचें झालें. दुबळा दिसणारा विधि प्रामाण्य आणि अर्थनिर्णय यांच्या जोरावर उभा राहूं लागला. आणि त्याला उभें करण्यास निघालेले लोक कोण? मुत्सद्दी नव्हेत, ज्यांचीं बेटें समुद्र गिळीत आहे अशीं विद्यार्थीदशेंतील मुलें.

तेव्हां या लिखाणाविषयीं आमचा अभिप्राय असा. पॅरिस करार हा निष्फळ ग्रंथ नाहीं आणि थोर ग्रंथहि नाहीं. त्याचें उद्दिष्ट भव्य आहे, प्रस्तावना उदात्त आहे, आणि मुख्य जागीं त्याचें क्रियापद कर्त्यापासून सुटलेलें आहे. असा ग्रंथ वाचकांवर अवलंबून असतो. तो कपाटांत राहिला तर अर्थवाद, वाचला गेला तर विधि. सुशिक्षित कुटुंबांनीं हें वाचन जवळपासच्या लिखाणापासूनच सुरू करावें, अशी आमची शिफारस आहे. मुंबई महानगरपालिकेनें २०२२ च्या मार्चांत आपला हवामान कृति आराखडा प्रसिद्ध केला, व त्यांत २०५० चें उद्दिष्ट ठेवलें. तो घ्यावा, आणि पेन्सिल हातांत धरून प्रत्येक वाक्यास तीन प्रश्न विचारावे: कर्ता कोण? क्रियापद कोणतें? तारीख कोणती? ज्या वाक्यांत या तिहींपैकीं एकहि सांपडत नाहीं, तेथें खूण करावी, आणि ती खूण आपल्या नगरसेवकापुढें ठेवावी. शाळेंत वाक्यपृथक्करण शिकलेल्या कोणत्याहि मुलामुलीस हें काम साधण्यासारखें आहे.

श्रीवर्धनच्या आमच्या स्नेह्यांनीं वादळानंतरच्या पावसाळ्यांतच पोफळीचीं नवीं रोपें लावलीं. तीं आतां फळावर येण्याच्या बेतांत आहेत. मागें एकदां आम्हीं त्यांना हा ‘शॅल’ आणि ‘शुड’चा किस्सा सांगितला. ते हंसले व म्हणाले, “आम्ही खड्डा खणतांना सुपारी येईल म्हणतों. यावी, असें म्हणून कोण खणील?” त्या वाडीला पुढचें वादळ केव्हां गांठील, हें कोणी सांगूं शकत नाहीं. त्याआधीं जगाच्या करारांतील क्रियापदें त्यांच्या वाक्यांत कर्त्याशीं जोडलेलीं असावींत, एवढीच या ग्रंथाच्या वाचकांकडून आमची अपेक्षा आहे.